नारायणगुड्याच्या आकाशातले दिवे

२०२२ सालच्या दत्तजयंतीची सकाळ. डिसेंबरची ७ तारीख, वार बुधवार. मार्गशीर्षात हैदराबादेस जी कोरडी, बोचरी थंडी पडते ती पडली होती. संध्याकाळच्या जन्मोत्सवाच्या तयारीत घरातील मंडळी गुंतलेली, आणि आम्ही पाळण्याची दोरी शोधत माळ्यावर चढलेलो. इतक्यात गच्चीवर तुळशीला पाणी घालायला गेलेली आमची धाकटी नात जिन्यातूनच ओरडली, "आजोबा, लवकर वर या! आकाशात काहीतरी लटकलंय!"

वर जाऊन पाहतो तो खरोखरच काहीतरी लटकलेले होते. निळ्याभोर आकाशात, बरेच वर, पांढरा झगझगीत ठिपका. पुढे सरकत नाही, लुकलुकत नाही, आवाज तर नाहीच. शेजारच्या गच्चीवरील तेलुगू कुटुंब आमच्याआधीच येऊन उभे होते. त्यांच्यापलीकडच्या गच्चीवर कॉलेजात जाणारी मुले मोबाईल उंच धरून चित्रे घेत होती. तर्कांना अर्थातच तोटा नव्हता. कोणी म्हणाले, शत्रूने सोडलेले हेर-यंत्र. कोणी उडत्या तबकडीचे नाव घेतले. एका गृहस्थांनी छातीठोकपणे शुक्र सांगितला, दुसऱ्यांनी मंगळ. मंगळाला निदान काही आधार होता, कारण त्याच आठवड्यात तो सूर्याच्या अगदी समोर येऊन रात्रभर तेजाने तळपत होता. पण सूर्य उगवून वर आल्यावर तो कसा दिसणार? आणि शुक्र त्या दिवसांत पहाटे दिसतच नव्हता, तो मावळतीला सूर्याच्या पाठोपाठ बुडत होता. आमच्या घरातून मात्र एकच मत आले. आमच्या वहिनींनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाल्या, "आजच्या दिवशी दिसलंय, म्हणजे महाराजांचीच कृपा."

दुपारपर्यंत उलगडा झाला. शहराच्या ईशान्येस, ई.सी.आय.एल.च्या परिसरात, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुगे सोडण्याचे केंद्र आहे. तेथून त्या दिवशी एक अवाढव्य फुगा सोडण्यात आला होता. स्पेनमधील एका कंपनीने पुढेमागे हौशी प्रवाशांना आकाशाच्या काठापर्यंत नेऊन आणण्याचा बेत केला असून, त्यासाठी केलेली कुपी माणसांवाचून त्या फुग्याखाली बांधली होती. ३७ किलोमीटर उंची गाठून ती कुपी विकाराबाद जिल्ह्यातील एका शेतात अलगद उतरली आणि तेथे भोवतालच्या खेड्यांची जत्रा लोटली. वहिनींना हे सांगितले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "असेल. पण आजच सोडायची बुद्धी कोणी दिली?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

त्या रात्री आरती झाल्यावर आम्ही कपाट उघडून एक जुनी वही बाहेर काढली. ही वही आमची नव्हे. आमच्या गल्लीत एक गणिताचे मास्तर राहत असत. ते मूळचे परभणीकडचे. निजामी राजवटीत काचीगुडा स्टेशनावर उतरलेल्या आणि मग या नारायणगुडा, बरकतपुरा, चिक्कडपल्ली भागांत घरे करून राहिलेल्या असंख्य मराठी कुटुंबांपैकी ते एक. शहरातील एका मराठी शाळेत त्यांनी आयुष्य काढले. गल्लीतील लहानथोर त्यांना आबा म्हणत. त्यांना मूलबाळ नव्हते. जाण्यापूर्वी त्यांनी आपली पुस्तके वाचनालयास दिली आणि ही वही आमच्या हाती ठेवली.

वहीचा जन्म भीतीतून झाला. १९७९ च्या जुलैतील ती गोष्ट ज्यांनी अनुभवली त्यांना ती विसरणे शक्य नाही. अमेरिकेची 'स्कायलॅब' नावाची अंतराळ-प्रयोगशाळा, वजन सुमारे ७७ टन, पृथ्वीवर कोसळणार असे वर्तमानपत्रांत येऊ लागले. कोठे कोसळणार हे मात्र कोणालाच नेमके सांगता येईना. झाले! शहरात ही थट्टेची बाब होती. खेड्यांत मात्र ती जिवावर आली. तेलंगणातील गावोगावी लोकांनी आता जग बुडणारच या समजुतीने शेळ्या-कोंबड्या कापून खाल्ल्या, होते नव्हते ते विकून टाकले. आमच्या घरी दूध घालणाऱ्या गवळ्याने आपली दुभती म्हैस निम्म्या किमतीत फुंकली. घेणारा शहाणा निघाला. ११ जुलैच्या रात्री आपल्याकडे दहा वाजून गेल्यावर स्कायलॅब वातावरणात शिरली. तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात पडले. गवळ्याची म्हैस काही परत आली नाही. पुढे दोन वर्षे तो दुसऱ्याच्या म्हशी राखत होता.

त्या रात्री आबा गच्चीवर सतरंजी टाकून बसले होते. वहीतील पहिली नोंद त्या रात्रीची आहे : "११ जुलै १९७९. रात्री ९ ते ११. आभाळ झाकलेले. काही दिसले नाही." आम्ही तेव्हा विशीत होतो. काही दिसलेच नाही तर लिहिता कशाला, असे आम्ही त्यांना विचारले. तेव्हा ते गवळ्याच्या घराकडे बोट दाखवून म्हणाले, "त्याला कोणी असं लिहिलेलं दाखवलं असतं, तर म्हैस राहिली असती." याचा अर्थ त्या वयात आम्हांस नीटसा कळला नाही, हे कबूल केले पाहिजे.

वहीत त्यांनी सहा रकाने आखले होते : दिनांक, वेळ, दिशा, उंची, किती वेळ दिसले आणि शेवटचा 'खुलासा'. उंची मोजण्याची त्यांची पद्धत अगदी घरगुती होती. हात ताठ समोर धरायचा आणि मूठ वळायची. क्षितिजापासून एकावर एक मुठी रचत जायचे. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. करंगळीचे टोक म्हणजे एक अंश. पंजा पूर्ण फाकवून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत धरलेली वीत म्हणजे वीस-बावीस अंश. माणूस लहान असला तर त्याचा हातही आखूड असतो, म्हणून हे माप मुलांनाही तसेच लागू पडते. दिशेसाठी त्यांनी गच्चीच्या कठड्यावर खडूने आठ खुणा केल्या होत्या. उत्तर त्यांनी ध्रुवावरून ठरवली होती, आणि पावसाने खडू धुऊन गेला की पुन्हा ध्रुव पाहूनच ती काढीत, आदल्या खुणेवर विसंबत नसत.

या वहीतील नोंदींपैकी मोठा भाग शुक्राचा आहे. दर दीड वर्षाने गल्लीतील कोणीतरी धावत येऊन 'दिवा दिसला' म्हणून सांगे आणि आबा खुलाशात 'शु.' एवढे एकच अक्षर लिहीत. त्या खालोखाल विमाने. बेगमपेठचा विमानतळ २००८ पर्यंत चालू होता. आपल्याच रोखाने येणाऱ्या विमानाचा पुढचा दिवा कित्येक मिनिटे एका जागी खिळल्यासारखा दिसतो आणि विमान वळले की तो एकदम विझतो. पण वहीचा खरा जीव आहे तो फुग्यांच्या नोंदींत.

हैदराबादेहून असे फुगे सोडले जातात ते का, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. अवकाशातून पृथ्वीवर सतत विश्वकिरणांचा मारा होत असतो. पृथ्वीचे चुंबकत्व त्यांतील कमी शक्तीच्या किरणांना चुंबकीय विषुववृत्ताजवळ अडवून धरते, आणि आपले शहर त्या विषुववृत्तापासून फारसे दूर नाही. त्यामुळे येथील आकाशात उपकरणे वर पाठविली की नको असलेला गोंगाट कमी आणि हवी ती नोंद स्पष्ट मिळते. शिवाय चहूंकडे शेकडो किलोमीटर जमीन. उपकरण समुद्रात बुडण्याची धास्ती नाही. आरंभी हे फुगे उस्मानिया विद्यापीठाच्या आवारातून उडत; १९६९ पासून त्यांना स्वतःचे कायमचे केंद्र मिळाले.

फुगा म्हणजे जत्रेतला फुगा नव्हे. साध्या पिशवीसारख्या पातळ पॉलिथिनचा तो असतो आणि त्यात हायड्रोजन भरतात. जमिनीवर असताना त्याच्या शेंड्याला तेवढी हवा धरलेली दिसते, बाकीचा देह सुरकुतलेल्या पागोट्यासारखा लोंबत असतो. वर वर जावे तसतसा बाहेरील हवेचा दाब कमी होतो. तीस-पस्तीस किलोमीटरांवर तो येथल्या दाबाच्या शंभरावा हिस्साही राहत नाही. मग आतला वायू पसरतो आणि फुगा पन्नास ते पंच्याऐंशी मीटर व्यासाचा होतो. इतक्या उंचीवर सूर्य आधी उगवतो. जमिनीवर अजून सूर्योदयाला वीस-पंचवीस मिनिटे अवकाश असतो, गल्लीत दूधवाल्यांच्या सायकली दिव्यांनिशी फिरत असतात, आणि त्या वेळी वर तो पारदर्शक गोल एकाएकी उन्हात न्हाऊन निघतो. सायंकाळी याच्या उलट : खाली दिवेलागण झालेली असते आणि वरच्या फुग्यावरचे ऊन अजून उतरलेले नसते. वारा तेथे मंद असेल तर तो तासन् तास एके ठिकाणी दिसतो. साध्या डोळ्यांना ठिपका. साधी दुर्बीण लावली तर नासपतीसारखा आकार. एकदा हे कळल्यावर त्यात गूढ काही उरत नाही खरे, पण आम्हांस तरी ते दृश्य कळल्यानंतरच अधिक सुंदर वाटू लागले.

आबांनी वहीत वर्तमानपत्रांतील एक कात्रण चिकटवले आहे. अशा तऱ्हेची निवेदने फुग्यांच्या हंगामाआधी अजूनही निघतात. रात्री दहा ते पहाटे साडेसहा या वेळात फुगे सोडले जातील. ते ३० ते ४२ किलोमीटर उंच जातील. उपकरणे मोठ्या रंगीत पॅराशूटला बांधलेली असून ती हैदराबादेपासून २०० ते ३५० किलोमीटरांवर, विशाखापट्टणम–हैदराबाद–सोलापूर या रेषेच्या आसपास व तिच्या उत्तरेस उतरू शकतात. काही उपकरणांत उच्च दाबाची वीज असते, म्हणून हात लावू नये. जवळच्या पोलीस ठाण्यास, टपाल कचेरीस कळवावे. कळवणाऱ्यास बक्षीस आणि खर्च मिळेल. वस्तूची मोडतोड केल्यास बक्षीस नाही. आणि मग जिल्ह्यांची यादी. ती वाचताना आबांनी लाल पेन्सिलीने काही नावांखाली रेघा ओढल्या आहेत : नांदेड, परभणी, बीड, लातूर, उस्मानाबाद, जालना, औरंगाबाद. जिल्ह्यांची यादी कसली, आमच्या गल्लीतील घरांच्या मूळ गावांचीच ती यादी! १९५६ साली राज्यांची फेरमांडणी झाली, मराठवाडा तिकडे गेला आणि आम्ही इकडे राहिलो. काचीगुड्याहून मनमाडला जाणारी मीटरगेज गाडी जिकडे रात्रभर खडखडत जाई, तिकडेच हे पांढरे दिवे कोणत्याही आवाजावाचून काही तासांत जाऊन पोहोचत.

यातील एक दिवा आमच्या आत्याबाईंच्या शेतात उतरला. त्यांचे सासर उदगीरकडे. ऐंशीच्या दशकातील आरंभीची वर्षे, पौषाचा महिना, ज्वारी हुरड्यावर आलेली. आतोबा सकाळी शेतावर गेले तो पिकात लालभडक कापडाचा डोंगर पडलेला आणि त्याला लांब दोरांनी बांधलेली एक पेटी. तासाभरात सारे गाव जमले. बाँब आहे, लांब राहा, असे ओरडत ओरडतच लोक जवळ जवळ येत होते. कापड चांगले चिवट दिसत होते, त्यामुळे ते कापून नेण्यासाठी कोयते निघाले. पेटीत तांब्याच्या तारा असणार, असेही कोणी सुचवले. आतोबा शिकलेले बेताचेच, पण पेटीवर चिकटवलेला कागद पाहून त्यांनी ओळखले की ज्या वस्तूवर पत्ता असतो ती कोणाची तरी असते. त्यांनी गड्याला सायकलवर उदगीरला पिटाळले, तार करायला आणि पोलिसांना वर्दी द्यायला. स्वतः मात्र पेटीपासून दहा हातांवर घोंगडी टाकून बसले. दिवस गेला, कोणी आले नाही. रात्री त्यांनी शेकोटी पेटवली. मग पेटीत काही जळाऊ असेल या शंकेने विझवली आणि थंडीत कुडकुडत बसून राहिले. पहाटे दोघे-तिघे कोयते घेऊन आले तेव्हा त्यांना शिव्या देऊन परतवले. दुसऱ्या दिवशी दुपारी हैदराबादेहून जीप आली.

आतोबा नेहमी सांगत ते पुढचे. आलेल्यांत एक चष्मेवाला तरुण होता. त्याने आधी पेटीला हात लावलाच नाही. चारी बाजूंनी फिरून सील शाबूत असल्याचे पाहिले आणि मग मातीतच फतकल मारून बसला. त्याने सांगितले की या पेटीतील यंत्र जुळवायला त्याला तीन वर्षे लागली. आदल्या वेळची पेटी अशीच एका गावात पडली होती. त्यांचे लोक पोहोचेपर्यंत तिच्यातील तारा वेगळ्या आणि पत्रे वेगळे झाले होते, आणि तीन वर्षांपैकी काहीच हाती लागले नव्हते. आत्याबाईंनी त्याला हुरडा भाजून दिला. बक्षीस मिळाले ते मोडलेल्या ज्वारीच्या भरपाईपेक्षा थोडे अधिक होते. परंतु त्या मुलाने जाताना वाकून नमस्कार केला, हे आतोबा बक्षिसाआधी सांगत. आम्ही ही हकीकत आबांना सांगितली तेव्हा त्यांनी वहीची मागची पाने चाळली. बरोबर त्याच सुमारास नारायणगुड्यातून एक फुगा दिसल्याची नोंद होती. तोच हा, असे म्हणण्याचा आम्हांला मोह झाला. आबा म्हणाले, "तारीख कळवा, मग बोलू." आत्याबाईंना तारीख आठवेना, संक्रांतीच्या आसपास, एवढेच त्या सांगत. नोंद आहे तशीच राहिली.

या फुग्यांनी पुढे मराठी वाचकांना चांगलीच परिचित असलेली एक व्यक्ती आमच्या शहराशी जोडली. जयंत नारळीकर जन्माने कोल्हापूरचे. पण वडील बनारसच्या हिंदू विद्यापीठात प्राध्यापक असल्याने त्यांचे बालपण गंगाकाठी गेले. म्हणजे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरातच ते वाढले. आकाशातून जीवाणू पृथ्वीवर येत असतील काय, या प्रश्नाचा प्रत्यक्ष शोध घ्यावा म्हणून त्यांच्या पुढाकाराने २००१ च्या जानेवारीत आणि पुन्हा २००५ च्या एप्रिलमध्ये हैदराबादेहून फुगे सोडण्यात आले. द्रवरूप निऑनने गारठवलेल्या नळकांड्यांत ४१ किलोमीटरपर्यंतची हवा भरून आणली. २००५ च्या नमुन्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती आढळल्याचे २००९ साली जाहीर झाले. त्यांपैकी एकीला फ्रेड हॉईल यांचे, एकीला आपल्या अंतराळ संस्थेचे आणि तिसरीला आर्यभटाचे नाव देण्यात आले. हे जीव वरून आले की खालूनच वर गेले, याचा निर्णय त्या प्रयोगाने झाला नाही आणि झाला असे त्यांनी म्हटलेही नाही. २० मे २०२५ रोजी नारळीकर पुण्यास निवर्तले, त्या दिवशी आमच्या घरात 'यक्षांची देणगी' पुन्हा कपाटातून खाली आली.

दिव्यांप्रमाणे हवामानाच्याही नोंदी वहीत आहेत. आमच्या आजीच्या पिढीला आकाशात काही वेगळे दिसले की मुसीचा पूर आठवे. २८ सप्टेंबर १९०८ च्या त्या पुराने हजारो माणसे नेली. तो पाहिलेली माणसे आम्ही लहानपणी पाहिली आहेत. चंद्राला खळे पडले की आजी अंगणातील गोवऱ्या आत घ्यायला लावी. आबांनी खळ्यांची मोजणी केली. खळ्याच्या कडेपासून चंद्रापर्यंत दर वेळी बरोबर एक वीत भरे. उंचावरील विरळ ढगांतील हिमकण प्रकाशाला बावीस अंशांनी वळवतात, म्हणून हे कडे कधी लहानमोठे होत नाही. असले ढग पुष्कळदा पावसाळी हवेच्या पुढे चालतात, तेव्हा आजीच्या गोवऱ्या अगदीच वाया गेल्या नाहीत.

वैशाखातील मूक विजा हा आणखी एक प्रकार. माथ्यावर चांदणे टिपूर, वारा पडलेला, आणि पश्चिमेच्या कडेला क्षितिज थरथर उजळते आहे. गडगडाट मात्र नाही. लहानपणी आम्हांस ते फार भीतिदायक वाटे. गडगडाट पंधरा-वीस किलोमीटरांच्या पुढे सहसा ऐकू येत नाही, पण वादळी ढगाचा माथा दहा-पंधरा किलोमीटर उंच असल्याने त्यातील लखलखाट शंभर-दीडशे किलोमीटरांवरूनही दिसतो. म्हणजे आमच्या गच्चीवरून दिसणारी ती वीज बिदरच्या पठारावर कडाडत असे. आबा ती पाहून म्हणत, "माहेरी पाऊस लागला." त्यांची पत्नी बिदरची.

सूर्यच हिरवा दिसावा, असेही घडले आहे. १८८३ च्या ऑगस्टअखेर क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला आणि सप्टेंबरात मद्रासला आणि सिंहलात लोकांनी हिरवानिळा सूर्य पाहिला. पुढे कित्येक महिने जगभर संध्याकाळ रक्तासारखी होत होती. त्याहून नवलाची गोष्ट मुंबईची. ४ फेब्रुवारी १८७२, रविवारच्या रात्री मुंबईच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसल्याचे त्या काळच्या वृत्तपत्रांत नमूद आहे. नॉर्वे-आइसलंडचा हा प्रकाश मुंबईस! कोणीही याला भाकडकथा म्हणाले असते. परंतु कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकसूची टिपण्याचे काम चालू होते आणि त्या सूर्यवादळाचा धक्का तेथील नोंदींत उमटलेला आहे. त्याआधी १८५९ च्या सप्टेंबरातील महावादळाचीही कुलाब्याची नोंद जगातील अभ्यासकांना आजही उपयोगी पडते. आपली झोप मोडून दर काही मिनिटांनी आकडा लिहिणाऱ्या त्या कारकुनांची नावे कोणी जपली नाहीत. १० मे २०२४ च्या रात्री लडाखमधील हान्ले येथून आकाश तांबडे झाल्याची छायाचित्रे आली तेव्हा आम्हांस मुंबईच्या त्या रविवारची आठवण झाली.

ज्या वर्षी दत्तजयंतीस फुगा आला, त्याच २०२२ साली गुढीपाडव्यालाही आकाशाने आपल्या लोकांची गाठ घेतली होती. २ एप्रिलची संध्याकाळ. विदर्भ-खानदेशात लोक गुढ्या उतरवून ओसरीवर बसलेले. पावणेआठच्या सुमारास वायव्येकडून जळत्या निखाऱ्यांची माळ डोक्यावरून संथपणे सरकत गेली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात धातूचे सुमारे तीन मीटर व्यासाचे कडे येऊन पडले. आजूबाजूस पोकळ गोळेही सापडले. २०२१ च्या फेब्रुवारीत उडालेल्या एका चिनी अग्निबाणाचा तो उरलेला टप्पा असावा, असे बहुतेक जाणकारांनी ठरवले. उल्का दोन-तीन सेकंदांत संपते. वातावरणात शिरणारे यंत्राचे अवशेष त्याहून मंद असतात आणि मिनिटभरही जळत जातात. नागपूरच्या आमच्या भाचीने त्याच रात्री फोन केला. "मामा, किती वेळ दिसलं ते मी मोजलं," हे तिचे पहिले वाक्य. ती लहानपणी सुटीत आमच्याकडे येई आणि आबांच्या गच्चीवर पडलेली असे.

आता ती गच्ची पूर्वीची राहिलेली नाही. पश्चिमेचे क्षितिज इमारतींनी गिळले. २०२० च्या फेब्रुवारीत मेट्रोचे नारायणगुडा स्टेशन सुरू झाले आणि त्याचे दिवे मध्यरात्रीपर्यंत जळतात. पावसाळी ढग खाली उतरले की शहराचाच उजेड त्यांच्यावर पडून रात्र नारिंगी होते. नवीन मुलांना रात्रीचा रंग तोच वाटतो. तारे मोजके. त्यांची जागा कधी कधी ओळीने जाणारे उपग्रह घेतात : २०१९ पासून सोडले जाणारे हे स्टारलिंकचे उपग्रह आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागून एक सरकताना दिसले की पुन्हा गल्लीत तबकडीचा विषय निघतो. हातोहाती मोबाईल आहेत, ही खरे तर मोठीच सोय. पण त्या दत्तजयंतीच्या सकाळी काढलेली चाळीस-पन्नास चित्रे आम्ही पाहिली. सगळ्यांत निळ्या कागदावर पांढरा ठिपका. कोणत्या दिशेस, किती उंच, हे एकातही नाही. आमच्या नातीला आम्ही मूठ धरायला शिकवली. तिने मोजून सहा मुठी सांगितल्या. आम्ही बऱ्याच वर्षांनी वहीत तशी नोंद केली आणि खुलाशाच्या रकान्यात 'फुगा' लिहिले.

ते करताना मागील पाने चाळली गेली. शुक्र, विमान, फुगा, खळे, वीज, उल्का : खुलाशाचे रकाने आबांच्या बारीक अक्षरांनी भरलेले. एकच कोरा आहे. "१४ नोव्हेंबर १९८७. रात्री २ वाजून १० मिनिटे. आग्नेय. तीन मुठी. तांबूस, शुक्राहून तेजस्वी, स्थिर. चार मिनिटे. हळूहळू मंद होऊन नाहीसा." फुगा म्हणावा तर मध्यरात्रीनंतर ऊन कोठले? उपग्रह त्या वेळी पृथ्वीच्या छायेत असणार, आणि चार मिनिटे एका जागी तो थांबणार कसा? विमानाचा मार्ग त्या दिशेला नव्हता. आबांनी विमानतळावर जाऊन चौकशी केल्याचे आम्हांला ठाऊक आहे. आम्ही पेन्सिलीने तरी 'विमान?' असे लिहून ठेवा म्हणालो होतो. त्यांनी ऐकले नाही. नातीने ती नोंद दोनदा वाचली आणि विचारले, "मग काय होतं ते?" आम्ही तिच्या हातून पेन घेतले, टोपण लावले आणि वही मिटली.